परक्याला घरात ठेवून घेण्याची विद्या
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरूनिवासी माजी विद्यार्थी व पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एकाचे मूत्रपिंड काढून दुसऱ्याच्या शरीरात बसवणे, हे ऐकायला जितके अद्भुत वाटते तितके शल्यचिकित्सकाच्या हाताला ते अवघड नाही. रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडण्याचे नाजूक शिवणकाम अॅलेक्सिस कॅरेल या फ्रेंच वैद्याने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सिद्ध केले आणि त्यासाठी १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. त्याने प्राण्यांवर मूत्रपिंडांचे रोपण करून पाहिले होते. त्याच प्राण्याचे मूत्रपिंड त्याच्याच अंगात दुसरीकडे बसवले तर ते टिके. दुसऱ्या प्राण्याचे बसवले तर काही दिवस चाले आणि मग सुजून, काळवंडून बंद पडे. शिवण तीच, हात तोच. मग दोष कुठे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची चाळीस वर्षे गेली, आणि ते उत्तर हाती आल्यावर त्यावरचा उपाय शोधण्यात आणखी तीस. ही हकिगत मुख्यतः प्रयोगशाळांची आहे, आणि तिच्यातले एक प्रकरण याच बंगळुरू शहरात घडले आहे.

पहिला खुलासा आला तो युद्धातल्या भाजलेल्या माणसांमुळे. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोच्या रुग्णालयात टॉमस गिब्सन हा शल्यचिकित्सक आणि पीटर मेडावर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ भाजलेल्या जखमांवर कातडीची कलमे लावत होते. दुसऱ्याची कातडी काही दिवस धरे व मग गळून पडे, हे सर्वांना माहीत होते. पण त्याच दात्याची कातडी त्याच रुग्णाला दुसऱ्यांदा लावली तेव्हा ती पहिल्यापेक्षा पुष्कळच लवकर गळाली. १९४३ साली प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण साधे दिसते, पण सारे मर्म त्यात आहे. कलम दुसऱ्या खेपेला लवकर गळते याचा अर्थ शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली आहे. देवीची लस टोचल्यावर शरीर ज्या शक्तीने रोग लक्षात ठेवते, तीच शक्ती दुसऱ्याची कातडीही लक्षात ठेवते. म्हणजे मूत्रपिंड नाकारले जाणे ही शरीराची बिघडलेली अवस्था नसून त्याचे अगदी नीट चाललेले काम होय. ज्या पहाऱ्यामुळे माणूस देवी-गोवरातून वाचतो, तोच पहारा दानात मिळालेल्या अवयवावर चालून जातो.

हा पहारा जिथे मुळातच नसेल अशी एक जागा निसर्गाने ठेवली आहे : एकाच गर्भपेशीतून जन्मलेली जुळी भावंडे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. भावंडे खरोखरच एकरूप आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली गेली. शिवाय बोटांचे ठसे पोलिसांकडून तपासून घेतले गेले, आणि तिथूनच बातमी वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. रुग्ण त्यानंतर आठ वर्षे जगला. शस्त्रक्रिया शक्य आहे हे सिद्ध झाले. पण जुळे भावंड किती जणांना असते?

जुळे नसलेल्यांसाठी उपाय सापडला तो कर्करोगाच्या औषधांत. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या जोडीने रक्ताच्या कर्करोगासाठी काही रसायने तयार केली होती. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची वाढ ती रोखत. परक्या अवयवावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशीही झपाट्यानेच वाढतात, तेव्हा त्याच औषधाने त्यांनाही आवरता येईल, हा तर्क रॉय काल्न या तरुण इंग्रज शल्यचिकित्सकाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत खरा करून दाखवला. त्याच कुळातले अॅझाथायोप्रीन हे औषध वापरून १९६२ साली बोस्टनमध्ये नात्यात नसलेल्या व्यक्तीचे मूत्रपिंड प्रथमच दीर्घकाळ टिकले. पुढे त्याला स्टेरॉइडची जोड मिळाली. एलियन यांच्याविषयी एवढे सांगायलाच हवे की त्यांनी पीएच.डी. कधीच पूर्ण केली नाही. १९८८ सालचे नोबेल मात्र त्यांना मिळाले.

भारतात १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पहिले यश आले. के.ई.एम.च्याच आवारातून त्याआधी या विद्येला एक मोलाची देणगी मिळाली होती. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण रक्तगट शोधून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्या माणसाला चालत नसे. आज जगभर तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. रक्तगटाच्या खुणा केवळ रक्तपेशींवर नसतात, मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. म्हणून मूत्रपिंड देण्याघेण्याची पहिली चाळणी रक्तगटाची, आणि ‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णासमोर दात्याचा प्रश्न फार बिकट होऊन बसतो.

दुसरी चाळणी अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याची ओळख सांगणाऱ्या खुणा असतात. आईवडिलांकडून अर्ध्या-अर्ध्या आलेल्या. पूर्वी रक्त घेतलेल्या, आधीचे एखादे प्रत्यारोपण झालेल्या, किंवा बाळंतपण झालेल्या व्यक्तीच्या रक्तात परक्या खुणांविरुद्धची प्रतिद्रव्ये तयारच असू शकतात. त्यामुळे पतीचे मूत्रपिंड पत्नीला देताना वैद्य अधिक सावध असतात, याचे कारण गर्भावस्थेत शोधायचे असते. ही प्रतिद्रव्ये आधीच ओळखण्यासाठी दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि रुग्णाच्या रक्तातला द्रव एकत्र ठेवून पाहतात. पेशी मेल्या तर तो दाता चालत नाही. रमेश पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी १९६९ साली याचे आकडे प्रसिद्ध केले. ही तपासणी प्रतिकूल निघालेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांची नवी मूत्रपिंडे तत्काळ बंद पडली होती. अनुकूल निघालेल्या १९५ जणांत हे केवळ ८ जणांच्या बाबतीत घडले. या आकड्यांनंतर वाद उरला नाही. त्यानंतर जगातली जबाबदार रुग्णालये या तपासणीवाचून टेबलावर रुग्ण घेईनाशी झाली.

एवढे करूनही अर्धे काम बाकी होते. अॅझाथायोप्रीन आणि स्टेरॉइड यांचा मारा आंधळा होता. अवयव वाचे, पण रुग्ण जंतुसंसर्गाने जाई. हवे होते ते नेमके औषध. ते आले मातीतून, आणि एकदा नव्हे, तर लागोपाठ तीनदा.

पहिल्या पावसाने तापलेल्या जमिनीतून जो गंध उठतो त्याचे एक मोठे कारण मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे सूक्ष्मजीव होत. मूठभर मातीत अशा असंख्य जीवांची दाटी असते आणि तिथे जागेसाठी व अन्नासाठी अखंड झुंज चालू असते. या झुंजीत एकमेकांना रोखण्यासाठी ते जी रसायने सोडतात, त्यांतच माणसाला पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन मिळाली. त्या काळी औषध कंपन्यांचे लोक सुटीवर गेले तरी खिशात मातीच्या पिशव्या घेऊन परतत. बाझल येथील सॅन्डोझ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने १९६९ साली नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिड्डा या ओसाड पठारावरून अशीच माती आणली. तिच्यातल्या बुरशीने बनवलेला पदार्थ जंतुनाशक म्हणून फारसा कामाचा ठरला नाही. १९७२ साली मात्र दिसून आले की तो प्रतिकारशक्तीला आवर घालतो, आणि इतर पेशींना मारत नाही. हेच ते सायक्लोस्पोरिन. ते पाण्यात विरघळेना. काल्न यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका ग्रीक संशोधकाने ते ऑलिव्ह तेलात विरघळवले आणि उंदरांत बसवलेली हृदये टिकू लागली. युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८३ साली आले : जुन्या औषधांवर वर्षअखेर ५२ टक्के मूत्रपिंडे टिकत, सायक्लोस्पोरिनवर ७२ टक्के. शंभरांत वीस कुटुंबांचा हा प्रश्न होता.

दुसरी माती जपानच्या त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याची. १९८४ साली तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिसने दिलेले टॅक्रोलिमस हे औषध सायक्लोस्पोरिनहून कितीतरी कमी मात्रेत तेच काम करते, आणि आज बहुतेक रुग्णांच्या उपचाराचा कणा तेच आहे.

तिसऱ्या मातीची कथा जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. स्थानिक लोक या बेटाला रापा नुई म्हणतात. तिथल्या मातीचे नमुने मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आले, आणि ते सुरेन सेहगल यांच्या हाती पडले. सेहगल यांचा जन्म १९३२ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा. शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला. त्यांनी त्या मातीतल्या जीवापासून एक बुरशीनाशक वेगळे केले आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटले. १९७५ साली ते प्रसिद्ध झाले. ते प्रतिकारशक्तीही दाबते, हे लवकरच ध्यानात आले. पण बुरशीनाशकाच्या दृष्टीने तो दोष होता, म्हणून कंपनीने काम थांबवले. १९८०च्या दशकाच्या आरंभी मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि सामान आवरले जाऊ लागले, तेव्हा सेहगल यांनी तो सूक्ष्मजीव घरी नेला व स्वतःच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. काही वर्षांनी मालकी बदलली, नव्या अधिकाऱ्यांना त्यांनी गळ घातली, काम पुन्हा सुरू झाले आणि १९९९ साली अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी या औषधाला मान्यता मिळाली. घरच्या फ्रीजरमधला तो डबा जर कुणी आवरासावर करताना टाकून दिला असता तर, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. आणखी एक गोष्टही अस्वस्थ करणारी आहे : ज्यांच्या मातीतून हे सारे निघाले त्या रापा नुईच्या रहिवाशांच्या पदरात यातले काही पडले नाही. औषधाच्या नावात बेटाचे नाव उरले, तेवढेच.

अशी माती महाराष्ट्रातही तपासली जात होती, याचा अनेकांना विसर पडला आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात म्हैसूर राज्यातून आलेले बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. थिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस शोधला, त्याचे नावच ‘पिंप्रीना’ ठेवले, आणि त्यापासून हमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. रॅपामायसिनही बुरशीनाशक म्हणूनच जन्मले होते. त्या दिशेने पिंपरीत पुढे शोध झाला असता तर काय निघाले असते, याला आता उत्तर नाही.

ही औषधे नेमके काय करतात? परका अवयव दिसताच टी-लसिकापेशी नावाच्या पहारेकरी पेशी जाग्या होतात आणि एक रासायनिक आरोळी ठोकतात. ती ऐकून त्यांच्यासारख्याच हजारो पेशी तयार होतात व हल्ला चढवतात. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही आरोळीच उठू देत नाहीत. रॅपामायसिन आरोळी उठू देते, पण पेशींना तिला साद देऊ देत नाही. आणि मायकोफेनोलेट हे चौथे औषध नव्या पेशी बनवण्यासाठी लागणारी रसद तोडते. इतर पेशींना ती रसद मिळवण्याची दुसरी वाट असते, लसिकापेशींना ती पुरेशी नसते, म्हणून मार त्यांनाच बसतो. या चौथ्या औषधाचे मूळ सर्वांत जुने. इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने १८९३ साली बुरसटलेल्या मक्यावरून ते वेगळे केले होते, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. ते शतकभर जवळजवळ पडून राहिले आणि १९९५ साली प्रत्यारोपणाच्या औषधांत आले.

आता बंगळुरू. ही चारही औषधे सूक्ष्मजीवच बनवतात. त्यांचे रेणू इतके गुंतागुंतीचे आहेत की रसायनशाळेत पायरीपायरीने ते उभारणे कारखान्याला परवडत नाही. म्हणजे ती बनवण्याची विद्या मुळात आंबवण्याची विद्या आहे. दह्याचे विरजण, इडलीचे पीठ यांच्याच घराण्यातली. फरक एवढाच की विरजण बिघडले तर दही आंबट होते. इथे तापमानात, हवेत वा ओलाव्यात थोडा बदल झाला तरी बुरशी औषध बनवायचेच सोडून देते, किंवा त्याच्याबरोबर भलतेच काही बनवते.

किरण मजुमदार यांनी ऑस्ट्रेलियात बिअर आंबवण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले होते. भारतात परतल्यावर मद्यनिर्मितीच्या कारखान्यात मुख्य पदावर स्त्रीला नेमायला कुणी तयार होईना. १९७८ साली कोरमंगलच्या एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर, आयर्लंडच्या एका कंपनीच्या भागीदारीत, त्यांनी बायोकॉन सुरू केली. आरंभीचा माल म्हणजे पपईच्या चिकापासूनचे पपेन आणि माशाच्या हवेच्या पिशवीपासूनचे आयसिंग्लास. दोन्ही पेय निवळ करण्यासाठी लागणारे. पुढे विकरे बनवताना कंपनीने जपानी कोजीच्या धर्तीवरील पद्धत हाती घेतली. पाण्याने भरलेल्या टाकीऐवजी कोंड्यासारख्या ओलसर घन पदार्थावर बुरशी वाढवायची. बुरशीला हे मानवते. निसर्गात ती पाण्यात पोहत नाही, लाकडावर, धान्यावर वाढते. पण घन थरात उष्णता साठते आणि बुरशी स्वतःच्याच उबेने मरते. ती उष्णता बाहेर काढणारे बंदिस्त यंत्र बंगळुरूत तयार झाले. त्या अनुभवावर कंपनी आधी कोलेस्टेरॉलच्या औषधांकडे वळली व मग याच प्रतिकारशामक औषधांकडे. २०२० च्या नोव्हेंबरात टॅक्रोलिमसच्या तिच्या कॅप्सूलना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. नवे औषध शोधणे आणि ज्ञात औषध अधिक लोकांना परवडेल असे बनवणे, यांत पहिल्याचाच गौरव करण्याची सवय जगाला आहे. पण प्रत्यारोपणाच्या बाबतीत दुसरेही तितकेच जीवनमरणाचे असते.

ते का, हे पालकवर्गाने समजून घ्यावे असे आहे. ही औषधे सहा महिन्यांची नसतात, मूत्रपिंड चालू असेपर्यंत रोज घ्यायची असतात. शस्त्रक्रियेचा खर्च लोकवर्गणीतून, नातेवाइकांकडून, धर्मादाय निधीतून एकदा उभा राहतो. दर महिन्याची चिठ्ठी मात्र घरच्या पगारातूनच भागवावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रकृती उत्तम दिसते, लघवी नीट होते, कामावर जाता येते, आणि तिथेच गोळी अर्धी करण्याचा मोह होतो. शरीराची ती जुनी स्मृती मात्र झोपलेली नसते. रक्तातले टॅक्रोलिमस कमी पडले तर पहारेकरी पुन्हा जागे होतात, अनेकदा कोणतेही दुखणे जाणवू न देता. जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते. ज्याच्या रक्षणासाठी ते घ्यायचे त्यालाच. या दोन काठांमधला पाट फार अरुंद आहे, म्हणून ठरावीक दिवसांनी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त तपासून मात्रा ठरवतात, आणि म्हणूनच एका कंपनीची गोळी बदलून दुसरीची घेताना वैद्याला विचारावे लागते. पपनस किंवा त्याच्या कुळातले ग्रेपफ्रूट हे फळ आतड्यातले विकर रोखून औषधाची पातळी वाढवते. उलट क्षयावरचे रिफाम्पिसिन ती एकदम खाली आणते. भारतात हा पेच नेहमीचा आहे : प्रतिकारशक्ती दाबल्यामुळे दबलेला क्षय डोके वर काढतो, आणि क्षयाचे औषध मूत्रपिंडाचा बचाव ढासळवते.

म्हणून प्रयोगशाळांचे खरे लक्ष्य वेगळे आहे. औषधाने पहारा गुंगवत ठेवण्यापेक्षा त्या एका पाहुण्यापुरती ओळख पटवून देता येईल का? निसर्गाने ते करून दाखवले आहे. १९४५ साली रे ओवेन यांनी पाहिले की गाईच्या पोटात एकत्र वाढलेली, एकरूप नसलेली जुळी वासरे जन्मभर एकमेकांच्या रक्तपेशी बाळगतात आणि शरीर तक्रार करत नाही. मेडावर आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली गर्भातल्या उंदरांना परक्या पेशी टोचून हीच सहिष्णुता मुद्दाम घडवली. नोबेल त्याबद्दल मिळाले, १९६० साली. मोठ्या माणसात ती घडवण्याचा भारतातला सर्वांत चिकाटीचा प्रयत्न अहमदाबादला झाला. डॉ. एच. एल. त्रिवेदी कॅनडातला व्यवसाय सोडून परतले आणि त्यांनी उभारलेल्या संस्थेत दात्याच्या अस्थिमज्जेतल्या व चरबीतल्या मूळपेशी रुग्णाला आधीच देऊन पाहिल्या. काही रुग्णांची औषधे पुष्कळ कमी करता आली. सर्वांना लागू पडेल असा नियम मात्र हाती आला नाही. त्रिवेदी २०१९ साली निवर्तले.

त्याच सुमारास जपानच्या शिमोन साकागुची यांच्या कामातून कळत गेले की शरीरात हल्लेखोर पेशींना आवरणाऱ्या पेशीही असतात. १९९५ साली त्यांनी त्या ओळखल्या, पुष्कळ वर्षे त्यावर अविश्वास राहिला, आणि २०२५ चे नोबेल त्यांना व दोन अमेरिकी संशोधकांना मिळाले. रुग्णाच्याच रक्तातून या शांत करणाऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, दात्याच्या खुणा ओळखायला शिकवून परत सोडायच्या, अशा चाचण्या आता चालू आहेत. दुसरीकडे डुकराच्या जनुकांत ६९ बदल करून त्याचे मूत्रपिंड मार्च २०२४ मध्ये बोस्टनला एका रुग्णाला बसवले गेले. रुग्ण सुमारे दोन महिने जगला.

तोवर कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ या सरकारी यंत्रणेकडे आणि महाराष्ट्रात तिथल्या विभागीय केंद्रांकडे नोंदलेल्या प्रतीक्षायाद्या वाढत आहेत. त्या यादीतल्या ज्याला मूत्रपिंड मिळते, त्याची जुनी दोन बहुधा जागच्या जागीच ठेवतात आणि नवे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. टाके भरून घरी जाताना त्याच्या हाती कागदाचा एक तक्ता दिलेला असतो : सकाळी आठला टॅक्रोलिमस, रात्री आठला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट दोनदा, आणि तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर.